पोलिसांचे घर, कोणाच्या खर्चाने?

आपल्याकडे एखादे नवे सरकारी कार्यालय जन्माला येते तेव्हा आधी त्याचे नाव ठरते, मग साहेब ठरतात, मग पाटी रंगवली जाते, आणि ती पाटी लावायची कुठे हा प्रश्न सर्वांत शेवटी उपस्थित होतो. सामान्य माणसाच्या घरी बाळ येणार म्हटले की पाळण्याची सोय आधी होते. सरकारच्या घरात मात्र पाळणा नेहमी उशिरा येतो.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन दलांकडची पोलीस ठाणी काढून ते उभे करण्यात आले. आर. के. पद्मनाभन हे पहिले आयुक्त. कारभार सुरू झाला तो चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, आणि तेथून बिऱ्हाड हलले ते प्रेमलोक पार्कमधील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. त्यानंतर दोन वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२० रोजी, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार या शहरांसाठी असेच नवे आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते तेथील पहिले आयुक्त. तेथेही आसरा मिळाला तो महापालिकेच्या इमारतीचा.

यात कोणी काही गैर केले असे नाही. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या शहराने स्वतःच्या पोलीस आयुक्तासाठी इमारत पुरी होईपर्यंत थांबावे, असे कोणीच म्हणणार नाही. अडचणीच्या वेळी शेजाऱ्याने ओसरी द्यावी, तशी महापालिकांनी आपली जागा दिली. प्रश्न आहे तो पुढचा. पोलिसांचे कायमचे घर कोणी बांधायचे, त्याचा आराखडा कोणी पाहायचा, पैसे कोणी द्यायचे, आणि या सगळ्याची चर्चा गावाच्या सभागृहात कधी व्हायची? ज्यांच्या रक्षणासाठी हे घर बांधायचे आणि ज्यांच्या करातून ते बांधायचे, त्या नागरिकांना याबद्दल एका शब्दाने विचारले जात नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

एक जुना सौदा

पोलिसांचा खर्च शहराने करायचा की सरकारने, हा वाद आजचा नाही. फ्रँक सूटर १८६४ साली मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले, आणि पुढच्याच वर्षी नव्या कायद्याखाली आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्डसाहेबांचा हात सढळ. त्यांनी रस्ते केले, गटारे केली, मंडई बांधली. पण खर्चाला लगाम राहिला नाही आणि १८७१ मध्ये मुंबईचे करदाते खवळून उठले. आमच्या पैशाचा हिशोब आम्हाला द्या, या मागणीतून १८७२ चा म्युनिसिपल कायदा आला आणि करदात्यांनी निवडून दिलेले सभासद सभागृहात बसू लागले. आपल्याकडील नागरी लोकशाहीचा पाया असा हिशोबाच्या भांडणातून घातला गेला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळात मुंबईच्या पोलिसांच्या खर्चाचा भार म्युनिसिपालिटीवरही होता. पैसे आम्ही द्यायचे आणि हुकूम मात्र सरकारचा, ही नगरसेवकांची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. दरम्यान १८९६ साली पोलीस आयुक्तांचे कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत आले. ते आजही तेथेच आहे. शेवटी १९०७ साली मुंबईपुरता एक कायदा झाला आणि सौदा ठरला. पोलिसांचा खर्च सरकारने आपल्याकडे घ्यावा आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व काही वैद्यकीय सेवांचा भार म्युनिसिपालिटीने उचलावा. थोडक्यात, पोलीस सरकारचे आणि शाळा शहराची.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, मुंबईहून काही तासांच्या अंतरावर, सरकारचे पोलीस शहराच्या शाळेच्या इमारतीत राहायला आले. इतिहास कधी कधी असा गालातल्या गालात हसतो.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हीच विभागणी पक्की केली. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे पहिले दोन विषय आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना अठरा विषयांची यादी दिली. तिच्यात अग्निशमन सेवा आहे, पोलीस नाहीत. म्हणून आगीचा बंब महापालिकेचा असतो आणि त्याच रस्त्यावरून धावणारी पोलिसांची गाडी राज्याची असते. बंबाच्या केंद्राबद्दल नगरसेवक सभागृहात तावातावाने बोलू शकतो. पोलीस ठाण्याबद्दल त्याला फार तर विनंती करता येते.

कागदाचा प्रवास

पोलिसांच्या इमारतीची फाइल कोणकोणते उंबरे ओलांडते ते पाहिले, म्हणजे उशीर का होतो हे कळते. आधी जागा हवी. ती महसूल खात्याची, महापालिकेची किंवा एखाद्या प्राधिकरणाची असते आणि तिचे हस्तांतर हाच एक स्वतंत्र अध्याय असतो. मग अंदाजपत्रक, मग गृहखात्याची प्रशासकीय मान्यता, मग अर्थसंकल्पातील तरतूद किंवा अधिवेशनातील पुरवणी मागणी, मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभाचा आदेश. बांधकाम सार्वजनिक बांधकाम खाते करते किंवा १९७४ साली स्थापन झालेले पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ. प्रत्येक उंबऱ्यावर फाइलीला नवा यजमान भेटतो, आणि प्रत्येक यजमानाला तिच्यात काहीतरी त्रुटी सापडते.

बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आम्हा मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मंजुरी म्हणजे उचल नव्हे आणि उचल म्हणजे विनियोग नव्हे. कर्ज मंजूर झाल्याच्या पत्राला हार घालून कारखाना सुरू होत नाही. सरकारी बांधकामांत मात्र वर्तमानपत्रात बातमी येते ती मंजुरीची. काही कोटींना मान्यता मिळाली म्हणून पेढे वाटले जातात, आणि त्या वर्षी प्रत्यक्ष तरतूद झालेली असते ती लाक्षणिक, म्हणजे खाते उघडे राहावे एवढ्यापुरती. पुढे सिमेंट-सळईचे भाव वाढतात, अंदाजपत्रक सुधारावे लागते आणि फाइल पुन्हा पहिल्या उंबऱ्यावर येते.

पैसाच नाही, असेही प्रत्येक वेळी नसते. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९६९-७० पासून चालत आली आहे. संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेने २०१७ साली दाखवून दिले होते, की २०१५-१६ या वर्षात केंद्र आणि राज्ये यांनी मिळून आधुनिकीकरणासाठी ९,२०३ कोटी रुपये ठेवले आणि त्यांपैकी खर्च झाले फक्त १४ टक्के. खात्यात रक्कम पडून आहे आणि हवालदार मोडक्या बाकावर बसून स्टेशन डायरी लिहितो आहे, असे हे चित्र. याला गरिबी म्हणता येणार नाही. नियोजनाचा अभाव हेच त्याचे नाव.

इमारत म्हणजे नुसती केबिन नव्हे

आयुक्तालयाची इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काचेचा दर्शनी भाग, बाहेर ध्वज आणि आत साहेबांची प्रशस्त केबिन एवढेच येते. पोलिसांच्या भाषेत मात्र आयुक्तालय वेगळे आणि मुख्यालय वेगळे. मुख्यालय म्हणजे कवायतीचे मैदान, शस्त्रागार, मोटार परिवहन विभाग, राखीव मनुष्यबळ आणि त्यांच्या राहण्याची सोय. आयुक्तालयात नियंत्रण कक्ष हवा, बिनतारी संदेशाची यंत्रणा हवी, सायबर गुन्ह्यांचा विभाग हवा, आणि रोज येणाऱ्या शेकडो अर्जांची नोंद करणारी बारनिशी हवी. शाळेच्या वर्गखोल्यांत टेबले मांडून हे सगळे काही काळ चालवता येते, कायमचे नाही. वर्गाची खोली पन्नास मुलांना एका बाजूला तोंड करून बसवण्यासाठी बांधलेली असते. पोलिसांच्या कामात कोण कोणाच्या समोर येता कामा नये, हा पहिला विचार असतो.

हा मुद्दा वाचकांनी आपल्या घरातील लेकीसुनांच्या नजरेने पाहावा. एखादी बाई तक्रार द्यायला येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही चौकशीसाठी त्याच दिवशी बोलावलेले असते. दोघांना एकाच व्हरांड्यात, एकाच बाकावर, समोरासमोर बसावे लागले तर ती बाई काय बोलणार आणि किती बोलणार? येथे कायद्याची कलमे अपुरी पडत नाहीत. एक भिंत आणि एक वेगळा दरवाजा अपुरा पडतो. आराखडा काढतानाच त्याचा विचार झाला तर त्याला फारसा जादा खर्च येत नाही. इमारत पुरी झाल्यावर लक्षात आले तर प्लायवूडचे पार्टिशन उभे राहते, आणि त्यापलीकडचे सगळे ऐकू येते.

न्यायालयांनीही या इमारतींकडून काही अपेक्षा केल्या आहेत. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत सर्वत्र कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रीकरण दीर्घ काळ जपून ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे ते साठवण्याची जागा, वीज आणि देखभाल आलीच. त्याआधी २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात न्यायालयाने बजावले होते, की जप्त केलेली वाहने ठाण्याबाहेर वर्षानुवर्षे सडत ठेवू नका. ती वाहने आजही कोणत्या रस्त्यावर, कोणत्या झाडाखाली गंजत उभी आहेत, हे प्रत्येक गावातील शाळकरी पोराला तोंडपाठ असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. त्यामुळे मुद्देमालाची खोली आता केवळ कुलूपबंद अडगळ राहून चालणार नाही. तेथे मोबाइल आणि हार्ड डिस्क दमटपणापासून जपाव्या लागतील. त्या बिघडल्या तर खटला बिघडेल.

आणि राहिले ते स्वतः पोलीस. महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. बंदोबस्तावरून बारा-चौदा तासांनी परतणाऱ्या महिला शिपायाला कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छ स्वच्छतागृह नाही आणि मूल ठेवायला जागा नाही, असे असेल तर आरक्षण कागदावर पुरे झाले आणि जिन्याखाली अडले, असेच म्हणावे लागेल. चिडलेला, थकलेला, बसायला धड खुर्ची नसलेला माणूस समोरच्याशी कसा बोलेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

लेक्सिंग्टनची पद्धत

इतर ठिकाणी हे कसे ठरते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेक्सिंग्टन नावाचे गाव आहे. १७७५ साली अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या येथे झडल्या. वस्ती आजही पस्तीस हजारांच्या आत. बोस्टनच्या परिसरात आपली मराठी कुटुंबेही बरीच आहेत, आणि तिकडे मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांना अशा गावांतील ‘टाउन मीटिंग’ हा प्रकार ऐकून ठाऊक असेल. त्या देशात पोलीस बहुतांशी गावाचे असतात आणि त्यांची इमारतही गावाने बांधायची असते.

तेथे १९८० साली लोकांनीच मतदान करून एक कायदा करून घेतला. मालमत्ता कराची एकूण वसुली गावाने वर्षाला साधारण अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. मग मोठी इमारत बांधायची कशी? त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. टाउन मीटिंगमध्ये कर्ज काढण्याचा ठराव दोन-तृतीयांश मतांनी संमत व्हायला हवा, आणि कर मर्यादेबाहेर जाणार असेल तर गावातील मतदारांनी वेगळ्या मतदानात त्याला बहुमताने होकार द्यायला हवा. हा जादा कर कर्ज फिटेपर्यंतच राहतो. कर्ज फिटले की कर उतरतो. लेक्सिंग्टनच्या मतदारांनी २०२२ साली नव्या पोलीस इमारतीसाठी असा होकार दिला. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर.

येथे रकमेला फारसे महत्त्व नाही, क्रमाला आहे. आधी आराखड्यापुरते पैसे, मग आराखडा लोकांसमोर, मग साध्या घराला वर्षाकाठी किती कर वाढेल त्याचा आकडा, आणि मग मतदान. एखादी खोली कशासाठी आणि गाड्यांचा तळ एवढा मोठा का, हे प्रश्न शेजारची निवृत्त शिक्षिका उभी राहून विचारते आणि पोलीसप्रमुखाला त्यांची उत्तरे द्यावी लागतात.

महिना सतरा रुपये

आता हाच हिशोब आपल्याकडे मांडून पाहू. हा केवळ समजण्यासाठी घेतलेला नमुना आहे, कोणत्याही शहराचे अंदाजपत्रक नव्हे. समजा, १०० कोटी रुपयांची इमारत आहे आणि ती २० वर्षांच्या मुदतीच्या, ८ टक्के व्याजाच्या कर्जातून बांधायची आहे. वर्षाचा हप्ता येतो साधारण १० कोटी १९ लाख. वीस वर्षांत १०० कोटींचे जवळजवळ २०४ कोटी होतात. शहरात पाच लाख करपात्र मिळकती असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला सुमारे २०४ रुपये येतात. म्हणजे महिन्याला सतरा. एका कटिंग चहाची किंमत.

सतरा रुपये महिना देऊन तक्रारदार बाईला वेगळी खोली, शिपायाला विश्रांतीची जागा आणि रस्त्यावरून गंजक्या गाड्यांची सुटका मिळणार असेल, तर माझ्या ओळखीतील बहुतेक गृहिणी होकार देतील. मात्र होकार देण्याआधी त्या भाव करतील. १०० कोटीच का, ८५ का नाहीत, असे विचारतील. ते विचारणे इमारतीच्या हिताचेच आहे.

शहरांना कर्ज काढणे आता नवे राहिलेले नाही. पुणे महापालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्याच्या कामासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे विकले. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ साली २०० कोटींचे रोखे काढले. गुंतवणूकदारांनी ते तत्काळ उचलले, कारण त्यांना जमाखर्च, मानांकन आणि परतफेडीचे वेळापत्रक सगळे छापील मिळाले होते. रोखे घेणाऱ्याला जी माहिती हक्काने मिळते, ती कर भरणाऱ्याला का मिळू नये?

दुसरी बाजू

मग पोलिसांचा खर्च पुन्हा शहरांवरच टाकावा काय? मला तसे वाटत नाही. लेक्सिंग्टन सुखवस्तू गाव आहे. गरीब गावाने नकार दिला तर तेथील पोलीस पडक्या इमारतीतच राहणार आणि नुकसान गरिबाचेच होणार. आपल्याकडे तर दुसराही धोका आहे. जो पैसे देतो त्याला शब्द टाकण्याचा अधिकार आपोआप येतो. नगरसेवकाच्या निधीतून ठाणे उभे राहिले की त्याच्या भाच्याची मोटारसायकल सोडायला फोन येणारच. १९०७ च्या सौद्यात शहाणपण होते ते याच कारणाने. पोलीस राज्याचे असावेत आणि खर्चही राज्याने करावा, हे बरोबरच आहे.

याहून मोठा धोका आपण रोज पाहतो आणि त्याकडे काणाडोळा करतो. अनेक शहरांत चौकातल्या पोलीस चौकीवर पोलिसांच्या नावाखाली एखाद्या बिल्डरचे किंवा सराफाचे नाव असते. सरकारकडून पैसा येत नाही म्हणून अधिकारी दाता शोधतो, आणि दात्याला जाहिरातीपेक्षा स्वस्तात शेजार मिळतो. ती पाटी वाचून त्याच बिल्डरविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या भाडेकरूच्या मनात काय येत असेल, याचा विचार करावा. सार्वजनिक पैसा वेळेवर आला नाही की खासगी पैसा त्याची जागा घेतो, आणि तो कधीच फुकट नसतो.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. इमारत राज्यानेच बांधावी आणि पैसेही राज्यानेच द्यावेत. पण आराखडा पक्का होण्यापूर्वी तो त्या शहराच्या महापालिका सभागृहात एक दिवस मांडावा, आणि नागरिकांना, वकिलांना, महिला संघटनांना आणि खुद्द शिपायांच्या घरच्यांना बोलू द्यावे. महापालिकेची जागा घेतली असेल तर तिचा लेखी करार असावा. किती वर्षांसाठी, किती भाड्याने आणि शाळेची इमारत असेल तर ती कधी परत, हे त्यात लिहिलेले असावे. मंजूर किती, मिळाले किती आणि खर्च किती, हे तीन आकडे दर सहा महिन्यांनी बांधकामाच्या फाटकावर लावावेत. यासाठी घटना बदलावी लागत नाही. एक शासननिर्णय पुरतो.

यात अडचण एकच आहे. चर्चेसाठी सभागृह तर हवे. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांचेही तेच झाले. त्या काळात प्रशासकाने एकट्याने ठराव मांडायचा, एकट्यानेच मंजूर करायचा आणि इतिवृत्तही स्वतःच लिहायचे, अशी स्थिती होती. १८७१ च्या करदात्यांनी भांडून मिळवलेली खुर्ची आपण इतकी वर्षे रिकामी राहू दिली, आणि फारसे कोणी ओरडलेही नाही.

शहाण्याने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, असे आपल्याकडे मुलांना सांगितले जाते. या सल्ल्यामागे भीती आहे, आणि ती भीती खाकी कपड्यांइतकीच त्या अंधाऱ्या व्हरांड्यांची आणि तासन्‌तास उभे राहण्याची आहे. नवी आयुक्तालये आता उभी राहायची आहेत, काहींचे नकाशे अजून कागदावर आहेत. नकाशातील भिंत खोडरबराने हलते. उभी राहिलेली भिंत हलवायला घण लागतो. आपल्या शहरातील पोलिसांच्या नव्या इमारतीचा नकाशा कुठे पाहायला मिळेल, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारण्याची वेळ हीच आहे.